दादाची साधी अक्कल

माझ्या मोठ्या भावाला कशाचंही कारण विचारलं, की तो एकच उत्तर देतो, "त्यात काय सांगायचं? साधी अक्कल आहे." दूध उतू गेलं, शेजाऱ्याची शिडी घसरली, माझी पहिली नोकरी टिकली नाही, सगळ्यावर हे एकच औषध. आणि माझी खरी चिडचिड अशी, की बहुतेक वेळा दादाचं बरोबर असतं.

लहानपणी तळ्यावर गेलो की तो आधी काठी बुडवून खोली बघायचा, मगच मला पाण्यात पाय घालू द्यायचा. शिडी भिंतीला लावली की पहिल्या पायरीवर उभं राहून दोन उड्या मारायचा. सुरी कुणाला देताना मूठ समोरच्याकडे. गरम भांडं घेऊन चालताना मोठ्याने "बाजूला" म्हणायचं. आमच्या घरात भाजलं, कापलं, पडलं असं फारसं कधी झालं नाही, त्यात आईच्या देखरेखीइतकाच दादाचा वाटा होता. तेव्हा हा माणूस बेफिकीर होता असं कुणी म्हणू नये. मी तर अजिबात म्हणणार नाही. बेफिकीर असता तर सगळं सोपं होतं, सरळ भांडता आलं असतं.

शाळा संपल्यावर तो फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये क्रेट उचलायला लागला आणि वर चढत चढत तिथल्या सगळ्या खोल्यांचा मुखत्यार झाला. मालक महिन्यातून एखादी चक्कर टाकतो, बाकी राज्य दादाचं. कंप्रेसरचा आवाज जरा बदलला की जेवता जेवता त्याचा घास थांबतो. हजारो सफरचंदांत एक नासलं असेल तर दारातून त्याला वास येतो. कामगार त्याला काका म्हणतात आणि त्याच्या नाकाबद्दल असं बोलतात, जसं एखाद्या गवयाच्या गळ्याबद्दल बोलावं.

कोल्ड स्टोरेज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठा फ्रिज येतो. माझ्याही यायचा. पण दादाच्या ताब्यातल्या काही खोल्या नुसत्या थंड नसतात. फळं भरली की त्या हवाबंद करतात आणि आतला ऑक्सिजन जवळजवळ काढून टाकतात. आत उरतो तो मुख्यतः नायट्रोजन. फळ मग एक प्रकारे झोपतं. पिकत नाही, सुरकुतत नाही, आणि कित्येक महिन्यांनी दार उघडलं तर कालच तोडल्यासारखं दिसतं. नायट्रोजन काही विष नव्हे. या क्षणी तुमच्या-माझ्या नाकातून आत जाणाऱ्या हवेत सगळ्यात जास्त तोच आहे. त्याला रंग नाही, वास नाही. मग त्याची भीती कशी वाटणार? कॉलेजात मी हे सगळं पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि तरीही माझ्या मनात ती खोली म्हणजे फळांनी भरलेली, छान गार, निरुपद्रवी जागाच होती.

माझ्या लेकीने विज्ञानात पदवी घेतली आणि नंतर कारखान्यांमधल्या सुरक्षेचा अभ्यासक्रम केला. नोकरी शोधत होती तेव्हा दादानेच मालकाकडे शब्द टाकला. माझ्या नजरेसमोर राहील, म्हणाला. मला किती हायसं वाटलं ते काय सांगू. मुलीला रसायनांच्या कारखान्यात पाठवायचं म्हटलं असतं तर माझी झोप उडाली असती. इथे काय, सफरचंदं आणि सख्खा मामा.

पहिल्याच आठवड्यात ती गळ्यात शिट्टी अडकवून फिरू लागली आणि कामगारांनी तिचं नाव शिट्टी ठेवलं. तिने हवाबंद खोल्यांच्या दारांवर लाल पाट्या ठोकल्या. पाटीच्या खिळ्यावर दादाने दुसऱ्या दिवशी स्वतःचं स्वेटर अडकवलं. तो काही मुद्दाम अपमान नव्हता. खिळा पुढे आलेला दिसला, स्वेटर हातात होतं, एवढंच. लेक घरी येऊन रडकुंडीला आली होती. मी तिला म्हटलं, अगं, मामा आहे, त्याला त्याचं काम कळतं. ती म्हणाली, "कळतं गं. म्हणूनच ऐकत नाही."

तिचा मुख्य झगडा होता झडपेवरून. या खोल्यांच्या मोठ्या दारात, गुडघ्याच्या उंचीवर, माणूस रांगत जाईल एवढी एक झडप असते. अधूनमधून आतलं फळ काढून बघावं लागतं. त्यासाठी खोली भरतानाच झडपेच्या अगदी जवळ जाळीच्या पिशव्यांत थोडी फळं टांगायची, म्हणजे बाहेरून नुसता हात घालून पिशवी ओढता येते. पण माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला जवळची फळं नको असतात. त्याला वाटतं, दाराशी चांगली ठेवली असणार, मागचं काढून दाखवा. मग दादा काय करायचा, तर छाती भरून श्वास घ्यायचा, कमरेपर्यंत झडपेत वाकायचा आणि लोखंडी आकड्याने मागचा क्रेट पुढे ओढायचा. बाहेरून एक जण त्याचा पट्टा धरून ठेवायचा. हा माणूस म्हणजे पैलवान, माल चढवणारा, नावाप्रमाणेच आडदांड आणि दादावर जीव टाकणारा. दादा लहानपणी तळ्यात सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बुडी मारायचा, त्यामुळे श्वास धरण्याचा त्याला अभिमान. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाला काही झालं नव्हतं. लेकीचं म्हणणं, झडपेतून कुणाला आत वाकताच येऊ नये.

यावरून एकदा आमच्याकडे जेवताना जुंपली. दादाचं म्हणणं, हवा खराब असेल तर नाकाला कळतं. गुदमरायला लागलं की जनावरसुद्धा धडपडून बाहेर येतं, त्याला काय कोर्स करावा लागतो? लेक सांगत राहिली की गुदमरत नाहीच, तीच तर मेख आहे. आपण श्वास कोंडला की जीव घाबरा होतो तो आत साठलेल्या उच्छ्वासामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याचं शरीराला तसं कळत नाही. आत घेतलेला श्वास इतर कुठल्याही श्वासासारखाच वाटतो, आणि मग माणूस खाली असतो.

दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे माझ्या नाकावर माझाच विश्वास नको?"

"या एका बाबतीत नको, मामा."

"वा," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "छोटे, तुझी लेक आता मला श्वास घ्यायला शिकवणार." सगळे हसले. मीही हसले.

दुसरा झगडा मास्कचा. लेकीने मालकामागे लकडा लावून हवेची नळकांडी असलेला एक मास्क मागवून घेतला होता. कुणी आत पडलंच तर तो घालून जाता यावं म्हणून. तिला तो दारांजवळ भिंतीवर हवा होता. दादाने तो ऑफिसच्या लोखंडी कपाटात, मूळ प्लास्टिकच्या वेष्टनात, कुलूप लावून ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. भिंतीवर धूळ बसेल, रबर खराब होईल, कुणीतरी गंमत म्हणून घालून बघेल. महागाची वस्तू जपून ठेवायची, ही काय सांगायची गोष्ट आहे? त्याचं तेच वाक्य. आणि सांगा, कुठल्या घरात महागाची वस्तू कपाटात ठेवत नाहीत?

नंतर जे झालं ते मी तिघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे आणि तिन्ही जोडून सांगते.

एक घेणारा आला होता. त्याला मागची फळं बघायची होती. खोली नुकतीच बंद केलेली, आतला ऑक्सिजन अजून पुरता उतरला नव्हता. पैलवानाने पट्टा धरला, दादा वाकला, दोनचार फळं काढून दिली. घेणारा ती घेऊन गाडीकडे निघाला. तेवढ्यात दादाला आठवलं की त्याला दुसऱ्या थरातलंही एक दाखवायचं राहिलं, म्हणून त्याने पैलवानाला पिटाळलं, जा, गाडी थांबव. आणि पट्टा धरायला कुणी नसताना तो पुन्हा वाकला. एका फळाचा तर प्रश्न होता.

आकडा सुटला आणि क्रेट त्याच्या बोटांवर आला. त्याच्या तोंडून "आई गं" निघून गेलं. शब्द बाहेर गेला की श्वास आत येतो, त्याला कोण काय करणार? दादा म्हणतो, श्वास घेतला आणि काहीच झालं नाही. छाती कोंडली नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. त्याला वाटलं, बघा, पोरगी उगाच घाबरवते. म्हणून तो बाहेर न येता आणखी पुढे सरकला, बोटं सोडवली, क्रेट नीट लावायला लागला. पुढचं त्याला आठवत नाही.

लेक फेरी मारत तिथे आली तेव्हा झडप उघडी होती आणि आत, हात पुरणार नाही इतक्या अंतरावर, तिच्या मामाच्या बुटांचे तळवे दिसत होते.

मी या जागी आले की प्रत्येक वेळी थांबते. तिथे तुम्ही असता तर काय केलं असतं? मी काय केलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. विचारसुद्धा न करता आत शिरले असते. कुठल्याही धडधाकट अकलेच्या माणसाला तेच सुचेल. चार पावलांवर आपला माणूस पडला आहे, पाय धरायचे आणि ओढायचं.

लेकीने जोरात शिट्टी फुंकली. पैलवान धावत आला आणि बूट दिसताच खाली वाकला. तशी ती झडपेच्या तोंडातच बसली, पाठ आत, तोंड बाहेर, दोन्ही हात चौकटीला घट्ट धरून. पैलवानाने तिचा दंड धरून तिला हिसडा दिला. त्याचे वळ नंतर मी पाहिले. ती हलली नाही. "कपाट फोड," ती म्हणाली. "किल्ली मामाच्या खिशात आहे. कपाट फोड आणि मास्क आण, नाहीतर मी इथून उठणार नाही."

तो शिव्या देत गेला आणि वजनकाट्याच्या लोखंडी वजनाने त्याने कपाटाचं दार चेचलं. तेवढ्यात लेकीने जमिनीवरचा मोठा पंखा ओढत आणून झडपेतून बाहेरची हवा आत सोडली. वेष्टन दातांनी फाडलं, मास्क चढवला, कमरेला दोरी बांधली आणि मग ती आत गेली. तिने दुसरी दोरी मामाच्या काखेतून घेतली, पैलवानाने ओढली. दादाचा श्वास अगदी मंद चालू होता. डॉक्टर म्हणाले, खोलीतली हवा पुरती उतरलेली असती तर आम्हाला काही करण्यासारखं उरलं नसतं.

आता कुणाला वाटेल, की घरातल्यांनी पोरीला डोक्यावर घेतलं असेल.

हॉस्पिटलच्या बाकावर वहिनी, म्हणजे दादाची बायको, माझ्यापासून मुद्दाम एक जागा सोडून बसली होती. पैलवानाने तिला जे पाहिलं ते सांगितलं होतं. काका आत पडले आणि शिट्टी दारात फतकल मारून बसली, मलाही जाऊ देईना. त्यात एक शब्द खोटा नव्हता. वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "शिकलेली आहे ना तुझी लेक. नियम पाळले तिने."

मी समजावून सांगायला गेले. पैलवान आत गेला असता तर दोघं पडले असते, मग तिसरा गेला असता. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, मला तुझं शास्त्र नको सांगूस, माणूस पडला की माणूस धावतो. पुढे नातेवाईक भेटायला आले, त्या प्रत्येकाने थोडं दबकून तेच विचारलं. बसली होती म्हणे? माझ्या स्वतःच्या मावशीने लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, घाबरलीस गं, होतं असं. घाबरली! जी एकटी त्या खोलीत गेली ती.

लेक कुणालाच काही म्हणाली नाही. मी मात्र तिला रोज म्हणत होते, सोड ही नोकरी. ती म्हणायची, मी सोडली तर झडपेशी कोण बसेल? या उत्तराने आईला धीर येतो, असं तिला का वाटत होतं कोण जाणे.

दादा घरी आला, हिंडूफिरू लागला, आणि प्रसंगाची गोष्ट व्हायला लागली. जरा चक्कर आली होती. सकाळी नीट खाल्लं नव्हतं. पुढच्या सोमवारी तो कामावर जाणार होता आणि लेकही. म्हणजे तीच झडप, तोच श्वास धरणं, आणि या वेळी कदाचित पट्टा धरायला माझी मुलगी. मग मी लेकीला घेऊन त्याच्याकडे गेले. पैलवान तिथेच बसला होता. वहिनीने चहा ठेवला, माझ्यासमोर कप जरा आपटूनच.

दादा लेकीशी प्रेमाने बोलला, ते मी नाकारत नाही. म्हणाला, पोरी, तुझ्याबद्दल मनात काही नाही, तुला जे शिकवलं ते तू केलंस. आणि मग म्हणाला, "पण तू आत पडली असतीस ना, तर मी कशाचीही वाट बघितली नसती. तसाच शिरलो असतो."

वहिनीचे डोळे भरून आले. पैलवानाने मान डोलावली. खोलीतल्या सगळ्यांना वाटत होतं की यापेक्षा मोठी गोष्ट मामा भाचीला सांगू शकत नाही.

"माहीत आहे मामा," लेक म्हणाली. "मला त्याचीच भीती वाटते."

मी कप खाली ठेवला. "दादा, मला शब्द दे. ही पडली तर तू आत जाणार नाहीस."

मग वहिनी हळूच म्हणाली, "आई आहेस का कोण आहेस तू?"

"शब्द दे," मी पुन्हा म्हटलं. माझ्या भावाच्या हातापाया पडून मी हे मागत होते, की माझी मुलगी मरायला टेकली तरी तू धावू नकोस. आणि रागाने माझे कान तापले होते, कारण हे मागायची वेळ त्याने माझ्यावर आणली होती.

दादा बराच वेळ चहावरची साय बोटाने बाजूला करत राहिला. "नाही देता येणार, छोटे," तो म्हणाला. "देईन आणि मोडीन. तुला तरी देता येईल का?"

मला देता आला नसता. त्यालाही ते ठाऊक होतं. पैलवान जमिनीकडे बघत पुटपुटला, की खरं सांगायचं तर शिट्टी अडवून बसली नसती तर तोही आज इथे नसता. हे त्याने पहिल्यांदाच कबूल केलं, आणि तेही वहिनीच्या देखत.

दादा भाचीकडे वळला. "समज, आत शिरताच येत नसेल तर? कुणालाच?"

"हेच तर मी आल्यापासून म्हणतेय," ती म्हणाली.

सोमवारी दादाने वेल्डरला बोलावलं. झडपेच्या तोंडावर गज बसवायचे, हात आणि जाळीची पिशवी जाईल इतकं अंतर ठेवून. मागचं फळ हवं असेल त्याने खोली पूर्ण उघडेपर्यंत, मोकळी हवा आत खेळेपर्यंत आणि ऑक्सिजन मोजणारं मीटर होय म्हणेपर्यंत थांबायचं. नाहीतर दुसरीकडून माल घ्यायचा. गज बसल्यावर दादाने गुडघे टेकले आणि स्वतःचं डोकं गजांवर चारही बाजूंनी दाबून पाहिलं, जात नाही ना. कपाळावर गजाच्या गंजाचा पट्टा उमटला, तो घेऊन दिवसभर फिरला. मास्क कपाटातून निघाला आणि पाटीच्या खिळ्याशेजारी भिंतीवर टांगला गेला. स्वेटरला दुसरीकडे जागा मिळाली.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, दोन दिवस.

मग लेक घरी येऊन हसत हसत सांगायला लागली. नव्या कामगाराने दादाला विचारलं, काका, या झडपेला गज कशाला? दादाने त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "त्यात काय सांगायचं? डोकं आत जाऊ नये म्हणून. साधी अक्कल आहे."

तिला हसू आवरेना. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ही साधी अक्कल कालपरवापर्यंत कुठे होती? पोरगी वर्षभर कानीकपाळी ओरडत होती तेव्हा ती वेडगळ होती. ती दारात बसली तेव्हा भित्री होती. आणि आता गज बसले तर ते म्हणे पहिल्यापासून सगळ्यांना ठाऊकच होतं. उद्या तो नवा कामगार जुना होईल आणि त्याच्या नव्या कामगाराला हेच वाक्य ऐकवेल, आणि त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नसेल की या गजांसाठी माझ्या मुलीच्या दंडावर वळ उठले होते.

"हसू नकोस," मी तिला म्हटलं. "सगळ्या खोल्यांना बसले का गज?"

"एकीला बसले. वेल्डरला दुसरं काम आहे. बाकीच्या पुढच्या आठवड्यात."

"आणि तोपर्यंत?"

तिने गळ्यातली दोरी बोटाने वर उचलून दाखवली. "तोपर्यंत शिट्टी आहे ना, आई."

हे ती मला धीर यावा म्हणून म्हणाली.